व्याहींची भोंगेवाली

व्याहींच्या दुकानात जुनं वाद्य विकत मिळत नसे; ते आपल्या घरी दिलं जाई, आणि तेही आपलं घर त्यांना पसंत पडलं तर. भिवंडीत धामणकर नाक्यावर रेडिमेड कपड्यांच्या दोन दुकानांमध्ये चेपून बसलेलं त्यांचं दुकान होतं. पुढे नव्या ढोलक्या नि पेट्या, आणि मागच्या खोलीत खरी गंमत: दिलरुबा, दात पडलेला अकॉर्डियन, जुना जपानी बेंजो. गिऱ्हाइकाचं घर म्हणजे मुलीचं सासर, असं ते मानत. म्हणून सगळा नाका त्यांना व्याही म्हणे. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो.

"ढोलकी न्या कितीबी. मागच्या खोलीत पोरी हायेत. उचलली न् दिली, असं न्हाय होत," ते सांगत. मग चौकशी सुरू. घरात दुपारी कोण झोपतं? मांजर आहे का? एका धिप्पाड कॉन्ट्रॅक्टरला मी त्यांच्यापुढे घाम पुसताना पाहिलंय. त्याने मांजर मावशीकडे पाठवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे त्याला बेंजो मिळाला.

एका डॉक्टरांनी दिलरुबा दिवाणखान्यात शोभेला टांगला, हे कळल्यावर व्याही तडक गेले आणि काढून घेऊन आले. शेअर रिक्षात त्यांनी या पोरीची वेगळी सीट घेतली. रिक्षावाला आणखी एकाला कोंबायला लागला, तेव्हा म्हणाले, "लेडीज बैठी है, दिखता नहीं?" तो बिचारा उतारू पुढे रिक्षावाल्याशेजारी जाऊन बसला.

श्रावणात मात्र सगळ्या पोरी माहेरपणाला यायच्या. दमट हवेने लाकूड फुगतं, म्हणून व्याही त्यांच्या तारा सैल करत आणि बल्बच्या उबेला ठेवत. कोणी छेडायला गेलं की हातावर चापट बसे. "म्हायेरी आलीय ती. हितं पन कामाला लावता काय?"

माझा जीव जडला होता भोंगेवालीवर. हे एक जुनं व्हायोलिन. त्याला लाकडी पोटच नव्हतं, त्याऐवजी ग्रामोफोनला असतो तसा पत्र्याचा भोंगा होता. मी फिडल बरं वाजवतो, असं निदान माझं मत आहे. पण माझं घर शेलार गावात, खाली आमचेच कापडाचे लूम, दिवसरात्र खडखडाट. व्याही दर वेळी मान हलवत. "पोरगा चांगला हाय. पन त्या आवाजात तिचं ऐकनार कोन?"

चाळिशीला टेकलेला मी, अजून बिनलग्नाचा. माणसांच्या मुलींचे नकार आईने पचवले होते; आता व्हायोलिनकडूनही नकार आला, हे तिला सोसलं नाही. ती नवी साडी नेसून दुकानात उभी राहिली. "माज्या पोरात काय खोट हाय, ती सांगा." व्याही पुढच्या रविवारी भोंगेवालीला घेऊन घर बघायला आले.

आईने पोहे केले. पुष्कळ वर्षांनी आमच्याकडे असा बघण्याचा कार्यक्रम होत होता, त्यामुळे ती भलतीच खुशीत होती. खाली लूम चालूच होते आणि आम्ही तिघे एकमेकांच्या कानात ओरडून चहा-साखरेचं विचारत होतो. व्याहींनी भोंगेवाली माझ्या हातात दिली. मी गज ओढला, आणि काय सांगू, ती अशी काही कडाडली की कपबशी किणकिणली. पोटातून हसू फुटलं मला. तेवढ्यात खालचा कारागीर धावत वर आला. "भाई, ये कौन गा रहा है?"

व्याहींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "खालपरेंत ऐकू गेलं? मंग दिली." मग जरा थांबून, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दोन घरांतून परत आलीय ही. आवाज मोठा म्हनून. आनखी एकदा परत आली असती, तर मला न्हाय सोसलं असतं." निघताना त्यांनी पंच्याने तिचा भोंगा पुसला, मग त्याच पंच्याने डोळे. "तिला हळू बोल म्हनू नको कधी," एवढंच त्यांचं मागणं.

व्याही गेले, त्याला आता दोन पावसाळे झाले. त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांची मला फार आठवण येते, आणि ती नेमकी हसताना येते.

भोंगेवाली रोज संध्याकाळी मोठ्याने बोलते. श्रावण लागला की आई माझ्याकडून तिच्या तारा सैल करून घेते आणि तिला कपाटात ठेवून वर बल्ब लावते. खालचा कारागीर दोन दिवस वाट बघतो आणि मग जिन्यातून विचारतो, "अम्मा, आजकल आवाज नहीं आता?"

"मैके गई हाय," आई स्वयंपाकघरातून सांगते.