जवसाच्या तेलाचा अजून एक हात

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाय. पोटच्या पोरीच्या नाय, शेजारच्या काकूंच्याही नाय. तुम्ही मला ओळखत नाय, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडतेय — अन् तेही लई दिवस टाळून टाळून.

मी मुकुंदवाडीत एकटी राहते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पोरगी पुण्याला. शहागंजात एका रंगाच्या दुकानात काउंटरवर अठरा वर्षं काढली. कुठल्या लाकडाला काय लावायचं, हे मला झोपेतून उठवून विचारा. तेच तर वाईट झालं. माहीत नसतं, तर चुकून झालं म्हणता आलं असतं ना?

माझा धाकटा भाऊ दत्ता बिडकीनला राहतो, कंपनीत आहे. आमचे वडील, आबा, त्याच्याकडंच होते. तरुणपणी आबा गोदावरीवर नाव चालवायचे, माणसं ह्या काठाची त्या काठाला. मग धरण झालं अन् नाव गेली. तेव्हापासून त्यांनी वल्हं हातात धरलं नव्हतं. चौऱ्याऐंशी उलटल्यावर एक दिवस दत्ताला म्हणाले, "मरायच्या आधी एकदा वल्हवायचंय रे." दत्तानं दुसऱ्याच आठवड्यात जुन्या सागाच्या फळ्या आणल्या अन् नाव करायला घेतली — माझ्या अंगणात. त्याच्या दोन खोल्यांत ती मावणार कुठं?

दिवाळीपासून तो दर रविवारी यायला लागला. आता तुम्हाला कसं सांगू... त्याआधी भाऊ म्हणजे भाऊबीजेची वीस मिनिटं, तीही डोळे मोबाईलात. अन् आता सकाळी नऊलाच फाटक वाजायचं! दिवसभर रंधा चालायचा, अंगणभर भुसा. मी येसराची आमटी करायची. तो एक गुडघा वर घेऊन जेवायचा, लहानपणी बसायचा तस्सा. "आक्का, अजून अर्धी भाकर टाक." शनिवारी मला झोप लागायची नाय, इतका आनंद.

मार्गशीर्षात नाव उभी राहिली. लाकडाला काहीतरी लावायचं, एवढंच उरलं. दत्ता बोटीच्या वार्निशचा भाव ऐकून हबकून परत आला. "आक्का, स्वस्तातलं काही सांग." तिकडून फोनवर आबा ओरडले, "अरे, डांबर मारा अन् सोडा पाण्यात! आम्ही काय लावायचो?"

आबांचं बरोबर होतं. डांबर सगळ्यात स्वस्त. एका दुपारी लावून झालं असतं, त्याच आठवड्यात नाव पाण्यात. अन् मी काय म्हणाले? "नको बाई, आबांचं पांढरं धोतर काळं होईल." किती मायेनं म्हणाले! दत्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी जवसाचं तेल सुचवलं. तेही स्वस्तच, पण त्यात दोन जाती — उकळलेलं तेल दिवस-दोन दिवसांत सुकतं, कच्चं आठवडाभर चिकट राहतं. भावात फारसा फरक नाय. मी स्वतः जाऊन कच्चं आणलं. वर सांगितलं, सात हात द्यावे लागतील, एका रविवारी एक.

तीन पुरले असते.

नाव पाण्यात गेली की माझे रविवार गेले — एवढंच होतं त्याच्यामागं. आबा रोज विचारायचे, "नाव करताय का नवरी सजवताय?" दत्ता म्हणायचा, आक्का सांगंल तेव्हा. सातवा हात झाल्यावर पुढच्या रविवारी मी लाकूड चाचपून पाहिलं. खडखडीत सुकलेलं. अन् म्हणाले, "ओलं लागतंय रे, अजून एक हात दे."

त्यानंतरच्या मंगळवारी आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली.

चैत्रात आम्ही त्यांना जायकवाडीच्या पाण्यावर नेलंच. चौघांनी उचलून नावेत बसवलं. दत्तानं वल्हं हाताशी दिलं. डाव्या हातानं धरलं त्यांनी, उजवा उचलायला बघत होते, तो मांडीवरून हलेना. दोनदा बघितलं तसं. मग वल्हं दत्ताकडं सरकवलं अन् पाण्याकडं बघत बसले. शब्द नीट फुटत नव्हता त्यांना.

काठाला लागल्यावर दत्ता म्हणाला, "आक्का, थेंबभर पाणी शिरलं नाय बघ. तू घाई करू दिली नाय म्हणून." मी म्हणाले, "व्हय." अन् त्या क्षणी, आबा तिथंच समोर वाकडे बसलेले असताना, माझ्या मनात काय होतं? पुढच्या रविवारी हा येईल का.

नाय आला. आबा श्रावणात गेले. नाव दत्तानं एका कोळ्याला देऊन टाकली, अन् भाऊबीज पुन्हा वीस मिनिटांची झाली. मला त्या रविवारांची अजून आठवण येते. आबांपेक्षाही जास्त येते, हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

लकवा माझ्यामुळं आला नाय, एवढं मलाही कळतं. पण आठ रविवार माझ्या बापाचा उजवा हात चांगला होता, अन् आठही रविवार ती नाव मी अंगणात अडकवून ठेवली. दत्ताला हे अजून माहीत नाय.