किनगावच्या अलीकडे बंद पडणारी गाडी

चोपड्याला यावल रस्त्यावर आमच्या फळविक्री संस्थेचे कार्यालय आहे आणि रस्त्याच्या पलीकडे नूर महंमद मिस्त्रींचे गॅरेज. मी संस्थेत लागलो त्यानंतर दोन वर्षांनी ते तिथे आले. म्हणजे एकतीस वर्षे मी माझ्या टेबलावरून त्यांना पाहतो आहे. पत्र्याचे छप्पर, मागे त्यांची राहण्याची खोली, लिंबाची सावली आणि त्या सावलीत कायम एखादी बॉनेट उघडलेली गाडी.

त्यांचे नाव झाले ते कानामुळे. लाकडी मुठीचा एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचे टोक चालू इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ते जो भाग सांगतील तोच खराब निघायचा. फैजपूर, शिरपूरकडून गाड्या यायच्या. दुसऱ्या मिस्त्रींनी सोडून दिलेल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा कान कमी होऊ लागला आणि गेल्या पावसाळ्यापर्यंत जवळजवळ गेलाच. जळगावहून यंत्र आणले, पण गॅरेजमध्ये ते लावले की सगळे आवाज एकच होऊन डोक्यात शिरत. यंत्र खोक्यात गेले. सुगराबीचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे ओठ ते वाचतात. मुलगा सावकाश बोलला तर त्याचेही. इतरांचे नाही. गाड्या हळूहळू पुढच्या चौकातल्या गॅरेजला जाऊ लागल्या. बहिऱ्या मिस्त्रीला इंजिन काय दाखवायचे, असे लोक माझ्यासमोरही बोलत.

त्यांचा मुलगा हसनैन धुळ्याला असतो. सुट्या भागांचे दुकान आहे. तो म्हणायचा, "अब्बा, इकडे या. दुकानात बसा नुसते."

"बसायला नेतोय मला," मिस्त्री मला म्हणाले. "खुर्ची आणून ठेवली म्हणे. गादीसकट."

तरी ते जातो म्हणत नव्हते आणि नाही म्हणत नव्हते. अशात अडावदच्या प्रेमराजची पिकअप आली.

गाडी जुनी, सतरा-अठरा वर्षांची. प्रेमराज तिच्यातून केळी भरून फैजपूरकडे नेतो. भरून निघाली की वीसेक किलोमीटर ठणठणीत चालायची आणि किनगावच्या अलीकडे धापा टाकून बंद पडायची. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. दोन मिस्त्री झाले होते. एकाने फिल्टर बदलला, दुसऱ्याने डिझेलच्या पाइपातली हवा काढून दिली.

प्रेमराज बोलत होता आणि मिस्त्री त्याच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "तुझ्या मिशा कापून ये, मग तुझे ओठ वाचतो. आत्ता मला नुसते झुडूप हलताना दिसते."

मी पलीकडे गेलो. मिस्त्री सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले आहेत, वाचतात चांगले. मी कागद घेतला, प्रेमराजचे सगळे ऐकले आणि लिहून दिले : गाडी सुमारे वीस कि.मी. नंतर बंद पडते. पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होते. तेहेतीस वर्षे मी हेच काम केले आहे. समोरचा अर्धा तास बोलतो त्याचे दोन ओळींत टिपण करायचे.

मिस्त्रींनी टाकीचा पाइप काढला, डिझेलचा डबा बॉनेटला बांधला आणि डब्यावर इंजिन चालवून पाहिले. दोन तास चालले. पाइपात हवा मारून पाहिली, मोकळा होता. त्यांनी गाडी दिली. तिसऱ्या दिवशी प्रेमराज परत.

दुसऱ्या खेपेला मी पुन्हा टिपण दिले. 'पंधरा मिनिटांनी सुरू' म्हणजे काहीतरी तापते आहे, असे मिस्त्रींना वाटले. इंजिनला डिझेल पोचवणारा छोटा पंप त्यांनी उघडून दुरुस्त केला. पूर्वी असल्या वेळी स्क्रू-ड्रायव्हर कानाला जायचा. आता त्यांनी तळहात इंजिनवर ठेवला, बराच वेळ ठेवला आणि उचलला. गाडी गेली आणि गुरुवारी पुन्हा दारात आली.

त्या दिवशी ते सुगराबीला माझ्यासमोर म्हणाले, "ही गाडी जमली तर जमली. नाही तर रविवारी हसनैन येतोय, त्याच्याबरोबर निघतो. चावी जागामालकाला देऊन टाक." संध्याकाळी दारातल्या खाटेवर हिरवी पिशवी दिसली, कपडे भरलेली.

शुक्रवारी मी तिसरे टिपण त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते वाचले, मग मागचे दोन्ही कागद खिशातून काढून शेजारी ठेवले. तिन्ही सारखेच होते.

"अमृतभाऊ," ते म्हणाले, "हे तुम्ही लिहिलेय. हा काय बोलला ते कुठेय?"

मला राग आला होता, हे खरे. पण सांगण्यात तथ्य होते. मी वहीच घेऊन बसलो.

"आता अजून काय सांगू?" प्रेमराज म्हणाला. "बंद पडस. मी खाले उतरनू. दोन शिव्या दिन्यात."

"कोणाला?"

"गाडीले. आता तेबी लिहितस का?"

"बठ्ठं, सगळं लिहायचं," मिस्त्री आमच्याकडे पाहून मोठ्याने म्हणाले. काय चालले आहे ते त्यांना दिसत होते.

मी लिहिले : खाली उतरला. गाडीला दोन शिव्या दिल्या. चाकाला लाथ मारली. डिझेलचा काटा मोडलेला असल्यामुळे टाकीचे झाकण उघडून काडी बुडवून पाहिली. डिझेल होते. झाकण घट्ट लावले. बिडी ओढली. गाडी सुरू झाली. टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते, निम्मी असली की उशिरा.

झाकणाची गोष्ट प्रेमराजने पहिल्या दिवशीही सांगितली होती. दुसऱ्या खेपेलाही. मी ती गाळली होती, कारण डिझेल तर होतेच, मग लिहायचे काय?

मिस्त्रींचे बोट एकेका ओळीवरून सरकत काडीपाशी थांबले. "झाकण दर वेळी उघडतोस?"

प्रेमराजने मान हलवली.

"एकदा तरी न उघडता सुरू केलीस?"

प्रेमराज विचारात पडला. मग त्याने हात हलवून नाही म्हटले.

"टाकी भरून आण. आपण तिघे जायचे."

निघताना सुगराबी दारातून म्हणाल्या, "अवजारं?" मिस्त्रींनी दोन्ही रिकामे तळहात दाखवले आणि आत चढून बसले.

अडावद मागे पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, वर सातपुडा निळसर. धानोऱ्याच्या अलीकडे गाडीने दोन झटके दिले आणि थांबली. प्रेमराज उतरून सवयीने टाकीकडे निघाला, तोच मिस्त्रींनी त्याचे मनगट धरले.

"हात लावायचा नाही. बिडी ओढ."

एक बिडी झाली, दुसरी झाली. मी घड्याळ पाहत होतो. पंचवीस मिनिटांनी प्रेमराजने सेल्फ मारला. नाही. चाळीस मिनिटांनी मारला. इंजिन नुसते फिरत राहिले. इतके दिवस आपोआप सुरू होते असे मी लिहीत होतो, ती गाडी आपोआप सुरू होत नव्हती.

"आता झाकण तुम्ही उघडा, अमृतभाऊ," मिस्त्री म्हणाले. "हळू. कान जवळ न्या. माझा उपयोग नाही."

मी वाकलो. झाकण जेमतेम पाव फिरले असेल तोच आतून लांब सुस्कारा ऐकू आला. पाण्याखालून डोके वर काढून माणूस श्वास घेतो तसा. मी दचकून त्यांच्याकडे पाहिले.

"आला ना आवाज? हवा बाहेर आली का आत गेली?"

झाकण पुन्हा दाबून बसवायचे आणि फट पाडायची, असे करून मी फटीशी तळहात धरला. त्वचा आत ओढली गेली. मी बोटाने टाकीच्या आत दाखवले.

मिस्त्रींनी झाकण माझ्या हातून घेतले आणि उलटे केले. आत निळ्या प्लास्टिकचा तुकडा दुहेरी घडी करून गच्च बसवला होता. केळीच्या घडावर घालतात त्या पिशवीचा.

"हे कोणी घातले?"

प्रेमराज मिशीवरून हात फिरवू लागला. झाकणाचे रबर झिजले होते, वळणावर डिझेल उसळून मागच्या केळीपर्यंत उडायचे, व्यापारी म्हणायचा केळी विकतोस का रॉकेल. म्हणून महिन्यापूर्वी ज्योतीने, त्याच्या बायकोने, ही युक्ती काढली होती. डिझेल उडायचे थांबले. गाडी कधीपासून बंद पडते, तर महिन्यापासून.

"अरे, टाकीतून डिझेल जाते तितकी हवा आत नको का यायला? झाकणाला भोक असते ते त्याचसाठी. तू तेच बुजवलेस. घडाला पिशवी घालतोस, तिचेसुद्धा खालचे तोंड उघडे ठेवतोस ना रे!"

"मंग चाचा, बठ्ठा मिस्त्री—" प्रेमराजने इंजिनकडे बोट दाखवले.

"मिस्त्री बॉनेट उघडत होते. झाकण तू उघडत होतास. दर वेळी तूच दुरुस्त करत होतास."

हे सांगताना ते हसत होते. त्यांनी ते प्लास्टिक खिशात घातले. प्रेमराजने सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. आम्ही किनगाव ओलांडले, साकळी ओलांडली, यावलला चहा घेतला आणि गाडी एकदाही बंद न पडता परत आलो. सुगराबी दारातच उभ्या होत्या. मिस्त्रींनी खिडकीतून निळा तुकडा हलवून दाखवला. त्यातून त्यांना काय कळले कोण जाणे, पण खाटेवरची पिशवी त्यांनी आत नेली.

रविवारी हसनैन आला. वडील निघालेले नाहीत हे पाहून त्याने आधी थोडी कटकट केली. मग मिस्त्रींनी त्याच्यापुढे वही टाकली. त्याने सगळे पान वाचले आणि 'गाडीला दोन शिव्या दिल्या' इथे त्याला हसू फुटले. वडिलांकडे तोंड करून, सावकाश ओठ हलवत तो म्हणाला, "खुर्ची काय करू?"

"इकडे पाठव. गाडीवाल्यांना बसायला लागते. बसल्याशिवाय माणूस सगळे सांगत नाही. आणि टाकीच्या झाकणाची रबरे पाठव, सहा."

दुपारच्या बसने तो परत गेला. हिरवी पिशवी त्याच्याबरोबर गेली. तिच्यात प्रेमराजने आणून दिलेली केळी होती, नात मिसबाहसाठी.