शेपूचा वास

दिघ्याच्या चाळीत आमच्या शेजारी एक सातारकर राहायचे. केमिकल कंपनीत गॅस कुठे गळतोय, हे सगळ्यांआधी त्यांच्या नाकाला कळायचं. दाराशी तेलाच्या डब्यात त्यांनी शेपू लावला होता. ड्यूटीला निघताना फुलांचा पिवळा तुरा चुरगाळायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि "नाक शाबूत हाय!" म्हणत निघायचं, हा त्यांचा नेम.

एकदा ते हुंगतच राहिले. मग मूठ माझ्यापुढे धरली. "वहिनी, बघा बरं. येतोय का वास?"

वास भपकन आला. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हणाले, "नाही हो भाऊजी. बीच खराब असेल."

"तेच म्हनतोय मी!" ते हसत ड्यूटीला गेले.

तेव्हापासून कंपनीचा भोंगा वाजला, की मी हातातलं काम टाकून बाहेर यायचे. त्यांच्या चपला दाराशी दिसेपर्यंत आत जायचे नाही.