विमानातला ब्रेक

विमान उतरायला लागलं तसा माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. शेजारची पोरगी हसली. "आजोबा, ब्रेक लावताय का?"

"तीस वर्षं घाटात बस चालवली गं. मागं बसायची सवय नाही."

घाबरलोय, हे काही बोललो नाही.

माझी बायको माझ्या बसनं आली की उतरताना दरवेळी म्हणायची, "आणलंत हो सुखरूप." मी खेकसायचो, "मग काय दरीत टाकणार होतो?" मागं बसून भरवसा ठेवायला केवढं काळीज लागतं, ते आज समजलं. सांगायला ती राहिली नाही.

दारात पायलटबाई उभ्या होत्या. त्यांना मराठी कळो न कळो, मी हात जोडले. म्हणालो, "आणलंत हो सुखरूप."