मांडीवरची बाटली

“पित्ताच्या पिशवीच्या भिंतीत कॅन्सर निघाला,” डॉक्टर म्हणाले. माझी धाकटी जाऊ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, ती थांबली. तिचा मुलगा खुर्चीवरून उठला आणि परत बसला. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलणारा पुढचं वाक्य घाईनं बोलतो. ह्यांना घाई नव्हती.

आम्ही फक्त खडे काढायला गेलो होतो. तळलेलं खाल्लं की जावेला उजव्या बरगडीखाली दुखायचं, कळ पाठीतून खांद्यापर्यंत जायची. कितीतरी वर्षं ती सोडा पिऊन झोपायची. अलीकडे ब्लाउज सैल झाले, तर ते तिनं मला हौसेनं दाखवले. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे दिसले, पिशवीही जाड झालेली. सूज असेल, म्हणाले.

नारायणगुड्याच्या त्या नर्सिंग होमवर माझा भरवसा नव्हता. बारीक भोकांतून अख्खी पिशवी बाहेर येते हे मला पटेना. काढलीच नाही आणि कुणाचेही खडे आणून दाखवले तर? ऑपरेशन झाल्याबरोबर म्हटलं, “दाखवा.” ट्रेमध्ये पिशवी चिरून ठेवली होती, आत काळपट खडे. एका बाजूला ती पांढरट, टणक होती. मला त्यातलं काही कळलं नाही.

पिशवी औषधाच्या पाण्यात घालून तपासणीला पाठवतात. कंपाउंडर म्हणाला, “हमारा आदमी लेके जाता, अम्मा.”

“तुमचा आदमी एका वेळी किती बाटल्या नेतो?”

“जित्ते हैं उत्ते.”

“मग ही मी नेते.”

बाटलीवर इंग्रजी चिठ्ठी होती. मी चौथी शिकलेली, मला ती वाचता येईना. चिकटपट्टीवर जावेचं नाव मराठीत लिहून बाटलीला चिकटवलं आणि ऑटोत बाटली मांडीवर धरून जामबागच्या लॅबमध्ये गेले. पुतण्या लाजेनं बाहेरच उभा राहिला.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. खडे वर्षानुवर्षं आतल्या अस्तराला घासतात, अस्तर सुजतं, मग बिघडतं. त्याचं वेगळं दुखणं नसतं, खडेच दुखतात असं वाटत राहतं. पिशवी लिव्हरला चिकटून असते, मध्ये आवरण नसतं, त्यामुळे रोग तिकडे सहज उतरतो. म्हणून मोठ्या दवाखान्यात, ह्या वेळी पोट उघडून, लिव्हरचा तेवढा तुकडा आणि आसपासच्या, जिथे रोग आधी पसरतो त्या गाठी काढायच्या, आणि लवकर.

नल्लकुंट्याला घरी आल्यावर जाऊ आरसा घेऊन पापण्या ओढत बसली.

“डोळे पांढरेफेक आहेत. भूक लागते. कॅन्सर कसा, अक्का? बाटल्या बदलल्या असतील. माझं पोट काय बाजाराची थैली आहे, दर महिन्याला उघडायला?”

“पित्ताची नळी बंद झाली की डोळे पिवळे होतात. तोवर थांबलीस तर बहुतेक उशीर झालेला असतो, म्हणाले.”

“ते म्हणणारच. मी नाही जायची.”

पुतण्यानं मला हळूच विचारलं, “मोठी आई, खरंच बदलली असेल का?”

मलाही तेच हवं होतं. कुठे बदलली असेल ते मी शोधतच होते. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन बाटली परत बघायला मागितली. माझी पट्टी तशीच होती, माझ्याच वाकड्या अक्षरात. त्याच पिशवीचे पातळ काप लावलेल्या काचा पुतण्यानं दुसऱ्या लॅबला दाखवल्या. त्यांनीही तेच सांगितलं.

घरी येऊन जावेला म्हटलं, “नाही बदलली. माझ्या मांडीवर होती.”

तिच्या हातात आजही आरसा होता. “तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाता, अक्का.”

“खाते.”

“आणि तुम्हाला ह्यात काहीच खोट सापडली नाही?”

“नाही.”

तिनं आरसा पालथा ठेवला. “मग पोराला सांगा, तारीख घे.”

लिव्हरचा तुकडा गेला, गाठी गेल्या. गाठींत रोग नव्हता. नंतरच्या केमोच्या गोळ्यांनी तिच्या तळहाताची कातडी सोलून निघाली, पीठ मळता येईना. ते मी मळलं, आणि तिनं रोज त्याला नावं ठेवली. स्कॅनला ती अजून जाते. जाऊ जिवंत आहे.