कोपऱ्यातला देव

बोईसर स्टेशनबाहेरून दांडीला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती मासळीवाली मावशी एकदाच माझ्या शेजारी बसली. पाटी रिकामी झालेली, म्हणून स्वारी खुशीत होती. दर वाक्याला माझ्या गुडघ्यावर थाप. मी मोबाईलवर काय वाचतेय, ते तिला कळायलाच हवं होतं.

मी सांगितलं, "फार पूर्वी इराकात देवाला 'दिंगीर' म्हणायचे आणि लिहिताना चांदणी काढायचे. राजा म्हणजे 'लुगाल', नुसता मोठा माणूस. पुढे काही राजांनी ती चांदणी स्वतःच्याच नावाला लावली. चीनमध्येही तसंच. 'दी' म्हणजे वरचा देव, पण सम्राटांनी तो शब्द स्वतःकडे घेतला."

"नि देव काय बोल्ला?"

"काहीच नाही."

ती इतकी हसली की रिक्षा डुलायला लागली. पाम गावच्या नाक्यावर मात्र तिनं माझा गुडघा गच्च धरला. समोर वाढदिवसाचा फ्लेक्स होता. साहेबांचा चेहरा दोन मजली आणि वर कोपऱ्यात गणपती, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

"बग पोरी, तुजा मोठा माणूस. देव अजून काय बोलत नाय."

आता कुठलाही फ्लेक्स दिसला की मी आधी कोपऱ्यातला देव शोधते आणि शेजारी जो कोणी असेल त्याच्या गुडघ्यावर थाप मारते.