दोन किलो कटती

"दोन किलो कटती धरा. ओला माल हाय."

मालक हे म्हणाला तेव्हा मी काट्याला लटकलेली होते. कापूस बांधायच्या चादरीत. चादरीची चारी टोकं आकड्यात अडकवलेली आणि मी आत, गुडघे छातीला लागलेले. मी रडत होते, म्हणून ओला माल. ओल्या कापसाच्या वजनातून पाण्याचं म्हणून किलो-दोन किलो वजा करतात, ती कटती. तशी मला धरली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला आमच्या गावावरून जावं लागतं. मी सत्तावीस वर्षांची, दोन लेकरांची आई, बौद्धवाड्यातली. कापूस वेचायला जायची. दिवसभर वेचलेला कापूस संध्याकाळी मालकाच्या अंगणात आणायचा. तिथं कडुलिंबाच्या फांदीला काटा टांगलेला असायचा. आपलं नाव येईपर्यंत बायांनी ओळीनं उकिडवं बसायचं. मालक खुर्चीत. कुणी उभं राहायचं नाही, कारण उभं राहिलं की आपलं डोकं मालकाच्या डोक्याच्या वर जातं. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

त्या सुगीत माझे गुडघे सुजले होते. त्याआधी बोटं. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही. भाकर थापताना डोळ्यांत पाणी यायचं. दुपार झाली की बोटं थोडी सुटायची आणि मी वेचायला लागायची. त्या दिवशी बाया बसल्या, मी उभीच राहिले.

"का गं, तुला येगळं सांगावं लागतंय का? बस खाली."

"मालक, गुडघे वळून न्हाई राह्यले."

"कामाला वळत न्हाईत. जेवायला बराबर वळतेत."

बाया हसल्या. शेजारच्या गयाबाईनं माझ्या दंडाला धरलं आणि मला खाली बसवलं. बसले. नाव आलं तेव्हा मात्र उठता येईना. हात टेकले, मनगटातून कळ गेली. पुन्हा टेकले. मालक बघत होता. मग म्हणाला, "गठुडं उठंना गेलं. तोला तसंच."

दोन गडी आले. त्यातला एक आमच्याच वाड्यातला. त्यानं माझे पाय धरले. तोही हसत होता. मालकाचं हसणं मला लागलं नाही इतकं त्याचं लागलं. गयाबाईपण हसली, तोंडाला पदर लावून.

"बेचाळीस," काट्यावरचा माणूस म्हणाला. मग कटतीचं ते वाक्य.

त्या रात्री मी कुणाला काही बोलले नाही. नवऱ्याला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. तो म्हणाला, "मोठ्या लोकांची मस्करी असते. मनावर नको घेऊ." दुसऱ्या दिवशी मी वेचायला गेले. होय, गेले. आणि ओळीत बसलेसुद्धा. त्यासाठी मला मालकापेक्षा स्वतःचा राग जास्त येतो, अजून येतो. हे लिहितानाही मला एका जागी बसवत नाही. बसलं की आखडतं, उभं राहिलं की दुखतं.

पुढची आठ वर्षं सुईवर काढली. बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर यायचा, हाडदुखीवर सुई मारायचा. सुई मारली की दोन दिवस मी धावायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीला धरून. सुईनं तोंड सुजलं. बाया म्हणायच्या, "अंग धरलंस की गं." सरकारी दवाखान्यात गेले तर एसटी पोचायची भर दुपारी. डॉक्टर म्हणाला, मूठ वळ. दुपारी ती वळायचीच. "वळती की. काय झालंय? काम करा, अंग मोकळं होईल." मला सांगता आलं नाही की साहेब, माझा आजार सकाळी असतो आणि तुम्ही दुपारी भेटता. आठ वर्षं मी स्वतःलाच आळशी समजत होते. बोटं करंगळीच्या बाजूला कलत गेली, वाऱ्यानं ज्वारी कलते तशी. तरी मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

मग मालकाचा साठावा वाढदिवस आला. आता तो पुढारी झाला होता. मोफत सांधेदुखी शिबीर ठेवलं. त्याच अंगणात, त्याच कडुलिंबाखाली. मांडव, बॅनर, औरंगाबादहून डॉक्टर. पाहुण्यांना खुर्च्या, आम्हाला सतरंजी. गुडघे दुखणाऱ्या बायांना बोलवायचं आणि जमिनीवर बसवायचं. हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मी बसले नाही. मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले. एक कार्यकर्ता म्हणाला, "बस ना मावशी." म्हटलं, "बसले तर उठवायला चौघं लागतेत. तू हायेस का?" तो गेला.

डॉक्टर बाई तरुण होती. तिनं मला आधी खुर्ची दिली, मग हात हातात घेतला. एकेका बोटाचं पेर दाबलं. आणि विचारलं, "ताई, सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?"

आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "भाकरीची येळ टळून जाती. ऊन अंगणात येईस्तोवर."

"हे आळसाचं दुखणं नाही. आमवात आहे. याला आयुष्यभर औषध लागतं. आठवड्यातून एकदा गोळी, दर महिन्याला रक्ताची तपासणी, वजन. आधी सुरू झालं असतं तर बोटं वाचली असती. आता आहेत तेवढी वाचवू."

"अन् हितल्या गोळ्या?"

तिनं टेबलावरच्या पाकिटांकडे बघितलं. हळूच म्हणाली, "पाच दिवस दुखणं कमी होईल. आजार तसाच राहील."

तेवढ्यात मालक आला. मागं फोटोवाला. मालकाला तो दिवस आठवत होता की नाही, माहीत नाही. पाकीट माझ्या हातात ठेवलं, खांद्याशी उभा राहिला. फोटोवाला म्हणाला, "मावशी, हात जोडा."

पाकीट काखेत धरून मी हात उचलले. तळवे जुळेनात. डाव्याची बोटं एकीकडे, उजव्याची दुसरीकडे. मालक हसत म्हणाला, "जोड की गं, लाजती कशाला."

माझ्या आत काहीतरी ताठ झालं. गुडघ्यात ताठपणा होता तो दुखण्याचा, हा वेगळा होता.

"जोडत न्हाईत, मालक," मी म्हटलं. "आन जोडता आले असते तरी जोडले नसते. ह्याच झाडाला तुम्ही मला टांगलं व्हतं. बेचाळीस किलो. दोन किलो कटती. आठवतंय का?"

मालक फोटोवाल्याकडे बघत म्हणाला, "जुनी मस्करी हाय. गोळ्या घे आन जा."

मी टेबल धरून उठले, पाकीट त्याच्या खुर्चीवर ठेवलं. "हे घ्या तुमचं. माझं दुखणं पाच दिवसांचं न्हाई."

चालत निघाले. लंगडत, पण निघाले. मागून सतरंजीवरून कुणीतरी उठायची धडपड करत होतं. गयाबाई. तिचेही गुडघे गेले होते. फाटकाशी येऊन म्हणाली, "तवा मी हसले व्हते. भेव वाटलं म्हणून हसले." मी म्हटलं, "माहीत हाय. चल." माफ केलं असं नाही. पण सोबत हवी होती.

त्या सुगीत मालकानं मला वेचणीला बोलावलं नाही. नवरा आठ दिवस बोलला नाही. मी आणि गयाबाई परतूरहून रेल्वेनं औरंगाबादला त्या डॉक्टर बाईकडे गेलो. गोळी सुरू झाली. दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी माझी मूठ वळली. निम्मी. मी ती उघडत-मिटत बसले, तर चुलीवरचं दूध उतू गेलं.

पण दर महिन्याला औरंगाबाद कसं जमणार? बाईनं चिठ्ठी दिली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त आणि वजन करा, गोळ्या द्या. तिथल्या बाबूनं चिठ्ठी वाचून परत केली. "हे हितं होत न्हाई." आम्ही तिथंच बाकड्यावर बसून राहिलो, दवाखाना बंद होईपर्यंत. दुसऱ्या महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा असंच दुखणं असलेल्या पाचजणी होतो. तिसऱ्या महिन्यात अकरा, त्यात अंकुशनगरकडची ऊस तोडणारी एक पोर, वय बावीस, बोटं अजून सरळ. तिच्यासाठी तर मी भांडलेच. बाबू म्हणाला, "मावशी, जरा सरळ बोला." गयाबाईनं माझा हात धरून त्याच्यापुढं केला. "सरळ बोटानं तूप न्हाई निघत, बाबा. हिची बोटं बघ." पहिल्यांदाच त्या बोटांवर मीही हसले.

शेवटी तिथं रक्त घ्यायला लागले. गोळ्या कधी येतात, कधी संपतात. संपल्या की आम्ही बसतो, बाकड्यावर, गोळ्या येण्याची तारीख लिहून मिळेपर्यंत. ही बोटं आता सरळ होणार नाहीत, हे मला डॉक्टर बाईनं स्पष्ट सांगितलंय. माझ्याशी खोटं बोलू नका, एवढंच मी तिला सांगितलं होतं. माझी गेली ती गेली. त्या ऊसतोड पोरीची जाऊ देणार नाही.

पहिल्यांदा दवाखान्यातल्या वजनाच्या काट्यापुढं उभी राहिले तेव्हा कडुलिंबावरचा काटा आठवला आणि मी मागं सरले. नर्सनं दंडाला धरायला हात पुढं केला. म्हटलं, "हात लावू नका." भिंत धरली, एक पाय ठेवला, मग दुसरा. वेळ लागला. मागं रांग थांबली, थांबू दे.

"एक्केचाळीस," नर्स म्हणाली. "चाळीस लिहिते, साडीचा एक किलो वजा."

"पूर्ण लिहा," मी म्हटलं. "कटती धरायची न्हाई."

तिनं खोडलं आणि एक्केचाळीस लिहिलं. ते वाचल्याशिवाय मी काट्यावरून उतरले नाही. आता दर महिन्याला वाचूनच उतरते.